पहिल्या ओळीचा अधिकार कोणाचा?

काही वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी मिळून एका जुन्या नियतकालिकाच्या अंकांची शब्दसूची करावयास घेतली होती. अंकांची संहिता युनिकोडमध्ये टंकित झालेली होती. तीतून शब्द वेगळे काढणे, प्रत्येकाची लांबी मोजणे आणि दहापेक्षा अधिक लांबीचे शब्द निराळ्या यादीत घालणे, एवढेच काम आम्ही एका तीस-चाळीस ओळींच्या पायथन स्क्रिप्टवर सोपवले होते. दोघांनी ते आपापल्या लिनक्स यंत्रावर चालवले. स्क्रिप्ट तीच, संहिता तीच. पण याद्या मात्र जुळेनात. एका यादीत मोजके दीर्घ सामासिक शब्द होते, तर दुसरीत ‘आकाश’सुद्धा दीर्घ शब्द म्हणून विराजमान झालेले होते. मौज अशी, की या दुसऱ्या यादीच्या बळावर आमच्यातल्या एका उत्साही मित्राने त्या नियतकालिकाच्या ‘संस्कृतप्रचुर, दीर्घशब्दी शैली’वर दीड पान लिहूनही टाकले होते.

उलगडा साधा होता. ‘मराठी’ हा शब्द कानाला तीन अक्षरांचा. युनिकोडच्या हिशेबात मात्र म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी त्याची ५ चिन्हे होतात. आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागत असल्याने बाइटांच्या हिशेबात तो १५ चा होतो. पायथनची तिसरी पिढी संहिता वाचताना चिन्हे मोजते. दुसरी पिढी, वेगळे सांगितले नाही तर, बाइट मोजते. एका यंत्रावर ‘पायथन’ या नावाने तिसरी पिढी उत्तर देत होती, दुसऱ्यावर दुसरी. ‘आकाश’ची ४ चिन्हे तिथे १२ बाइट होऊन दहाची वेस ओलांडत होती. दोन्ही यंत्रांनी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. चूक झाल्याचे कळले ते केवळ दोन याद्या शेजारी ठेवल्या म्हणून.

वाचकांपैकी बहुतेक जण साहित्याचे विद्यार्थी वा अध्यापक आहेत, आणि लिनक्सची पॅकेजे बांधण्याचा प्रसंग त्यांच्यावर सहसा येत नाही, हे आम्ही जाणून आहोत. तरीही या लेखाचा विषय तोच आहे. कारण वरच्या घोटाळ्याचे मूळ आमच्या गणितात नव्हते, व्याकरणात नव्हते. ते स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत होते. आणि ती ओळ कोणी लिहावी, कोणी बदलावी, बदलली तर ते कोणाला सांगावे, हे प्रश्न संहितेशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांना परके वाटू नयेत.

प्रथम ही ओळ काय असते ते पाहू. स्क्रिप्ट म्हणजे साध्या मजकुराची फाइल. यंत्राला ती थेट कळत नाही. ती वाचून यंत्राकडून काम करवून घेणारा प्रोग्राम म्हणजे इंटरप्रिटर, एक प्रकारचा दुभाष्याच. पायथन, पर्ल, बॅश हे असे दुभाषे. कोणत्या स्क्रिप्टला कोणता दुभाष्या बोलवावा हे फाइलच्या पहिल्या ओळीत लिहिलेले असते. ओळीची सुरुवात #! या दोन चिन्हांनी होते आणि पुढे दुभाष्याचा पूर्ण पत्ता असतो. उदाहरणार्थ, नागरीत लिहायचे तर, #!/यूएसआर/बिन/पायथन३. या ओळीला जाणकार मंडळी ‘शेबँग’ म्हणतात. जानेवारी १९८० मध्ये बेल लॅब्जमधल्या डेनिस रिची यांनी युनिक्सच्या कर्नेलमध्ये या सोयीची भर घातल्याचे आपल्या सहकाऱ्यांना कळवले. त्याआधी कर्नेल अशी फाइल चालवण्यास नकार देई आणि मग शेल आपल्या परीने ती वाचू पाही. रिचींच्या बदलानंतर स्क्रिप्टही इतर कोणत्याही प्रोग्रामप्रमाणे सरळ नावाने हाक मारून चालवता येऊ लागली.

या ओळीची एक गंमत आहे, आणि पुढचा सारा वाद तिच्यातच दडलेला आहे. पायथन, पर्ल, शेल या सर्वच भाषांत # या चिन्हापुढचा मजकूर टीप समजून सोडून दिला जातो. म्हणजे पुढची सर्व संहिता जो वाचणार, त्या दुभाष्याच्या लेखी ही ओळ जवळजवळ नसतेच. आणि जो ही ओळ वाचतो, त्या कर्नेलला पुढच्या संहितेशी काही कर्तव्य नसते. ती संहितेत आहे, पण संहितेची नाही. पाकिटावर लिहिलेला पत्ता पत्रातल्याच कागदाच्या वरच्या कडेला लिहावा, तशी तिची अवस्था आहे.

पत्ता म्हटला की स्थलांतर आलेच. लेखक आपल्या यंत्रावर स्क्रिप्ट लिहितो तेव्हा पायथन त्याच्याकडे एका ठिकाणी असतो. वाचकाच्या यंत्रावर तो दुसरीकडे असू शकतो. लिनक्सवर पर्ल सामान्यतः /यूएसआर/बिन/ मध्ये सापडतो, तर फ्रीबीएसडीवर /यूएसआर/लोकल/बिन/ मध्ये. पत्ता चुकला की कर्नेल ‘अशी फाइल वा डिरेक्टरी नाही’ असे उत्तर देतो, आणि समोर धडधडीत दिसणारी फाइल नाही असे यंत्र म्हणते तरी कसे, या विचाराने नवशिका चक्रावून जातो. नसलेली फाइल ही स्क्रिप्ट नव्हे, तिचा दुभाष्या, हे त्याला कोण सांगणार? विंडोजवर लिहिलेल्या फाइलीत ओळीच्या अंती राहिलेले एक न दिसणारे चिन्हसुद्धा हाच अनर्थ घडवते. कारण ते चिन्ह पत्त्याचाच भाग मानले जाते.

या अडचणीवर लेखकांनी शोधलेला उपाय म्हणजे ‘एन्व्ह’. हा छोटा प्रोग्राम बहुतेक सर्व युनिक्सकुळातील यंत्रांवर /यूएसआर/बिन/ मध्येच असतो. म्हणून पहिल्या ओळीत पायथनचा पत्ता न देता एन्व्हचा द्यायचा आणि त्याला सांगायचे, ‘पायथन३ जिथे असेल तिथून शोधून आण.’ एन्व्ह मग वापरकर्त्याच्या ‘पाथ’ या यादीत क्रमाने शोध घेतो आणि जो पहिला सापडेल त्याच्या हाती स्क्रिप्ट देतो. लेखकाच्या दृष्टीने ही व्यवस्था आदर्श आहे. आपला वाचक कुठे राहतो हे ठाऊक नसताना ‘पोस्टमनने शोधून द्यावे’ असे लिहिण्यासारखी ती आहे.

पण स्क्रिप्ट लेखकाकडून वापरकर्त्याकडे थेट जात नाही. मध्ये एक तिसरी व्यक्ती असते: पॅकेज बांधणारा. फेडोरा, डेबियन यांसारख्या वितरणांसाठी तो हजारो लेखकांचे प्रोग्राम घेतो, ते आपल्या व्यवस्थेत बसवतो आणि ‘हे आमच्या यंत्रावर चालेल’ अशी हमी देतो. ही हमी देताना त्याला एन्व्ह अडचणीचा वाटतो. कारण ‘जो पहिला सापडेल तो’ याचा अर्थ वापरकर्त्याने आपल्या खासगी डिरेक्टरीत प्रयोगासाठी ठेवलेला पायथनही त्यात आला. तसे झाले तर वितरणाने पारखून दिलेले साधन भलत्याच दुभाष्याच्या हाती पडते, त्याला लागणारी ग्रंथालये त्या दुभाष्यापाशी नसतात, आणि दोष मात्र पॅकेजला लागतो. म्हणून फेडोराच्या नियमांनुसार पॅकेजमधील स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत एन्व्ह चालत नाही. २०१८ साली आलेल्या फेडोरा २८ पासून तर पॅकेज बांधताना एक साधन आपोआप फिरते आणि एन्व्हच्या जागी थेट पत्ता लिहिते. डेबियनची पायथन धोरणेही थेट पत्त्याच्याच बाजूची आहेत.

इथे संहितानिष्ठ वाचक अस्वस्थ होईल, आणि व्हावाच. लेखकाने विचारपूर्वक लिहिलेली ओळ मधल्या माणसाने बदलायची? हे तर त्या जुन्या नक्कलकाराचेच वर्तन झाले, जो पोथी उतरवताना आपल्याला न कळलेला शब्द ‘दुरुस्त’ करतो आणि पुढच्या पिढ्यांना एका पाठभेदाचा वारसा देऊन जातो!

आक्षेप वजनदार आहे. तथापि आमचे मत असे की पॅकेज बांधणाऱ्याला ही ओळ बदलण्याचा अधिकार आहे. एवढेच नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे. मात्र हा अधिकार बिनशर्त नाही. नक्कलकार आणि संपादक दोघेही संहितेला हात लावतात. त्यांच्यातला फरक हात लावण्यात नसून तो कसा लावला यात असतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी चाळली असेल त्यांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. वर निश्चित केलेला पाठ, खाली हस्तलिखितांतले पाठभेद, आणि जिथे संपादकांना स्वतःलाच खात्री नाही तिथे मुख्य पाठाखाली नागमोडी रेघ. निर्णय घेतलेला आहे, पण तो लपवलेला नाही. आणि शंका आहे तिथे ती निर्णयाचे सोंग घेऊन उभी नाही.

पॅकेज बांधण्याच्या परंपरेतही ही शिस्त मुळातच आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. आरपीएम आणि डेबियन या दोन्ही पद्धतींत लेखकाचा मूळ संच जसाच्या तसा जपून ठेवतात आणि आपले बदल ‘पॅच’ या स्वरूपात वेगळे बाळगतात. कोणीही उठून मूळ पाहावे, पॅच पाहावा आणि काय बदलले ते ताडून घ्यावे. शेबँग बदलणारी आपोआप साधने मात्र पॅच मागे ठेवत नाहीत. ती बांधणीच्या नोंदीत ‘अमुक फाइलीत अमुक पत्ता बदलून अमुक केला’ एवढी एक ओळ टाकून पुढे जातात. नोंद आहे, हे चांगलेच. पण हजारो ओळींच्या नोंदीत ती कोण वाचतो? आमचा पहिला आग्रह त्यामुळे असा, की पॅकेज बांधणाऱ्याने ती वाचावी, आणि अपेक्षेबाहेरचा बदल दिसला तर थांबून कारण शोधावे.

दुसरा आग्रह शंकेविषयी आहे, आणि आम्हाला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या ओळीत नुसते ‘पायथन’ लिहिले असेल तर काय करावे? या एका नावाचा इतिहास एखाद्या वादग्रस्त शब्दाच्या व्युत्पत्तीइतकाच गुंतागुंतीचा आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये आर्च लिनक्सने ‘पायथन’ म्हणजे तिसरी पिढी असे ठरवले. २०११ मध्ये पायथनच्याच मंडळींनी पेप ३९४ या टिपणात ‘पायथन’ म्हणजे दुसरी पिढी असावी अशी शिफारस केली. २०१९ च्या सुधारणेत ती ढिली करून निवड वितरणांवर सोडली. १ जानेवारी २०२० रोजी दुसऱ्या पिढीची देखभाल संपली. आज डेबियनमध्ये वेगळे पॅकेज बसवल्याशिवाय नुसत्या ‘पायथन’ या नावाला कोणीच ओ देत नाही. म्हणजे एकच शब्द कुठे दोन, कुठे तीन, कुठे शून्य. आमच्या दोन याद्या याच शब्दाच्या दोन अर्थांतून जन्मल्या होत्या.

अशा वेळी साधनाने अंदाज करावा का? फेडोराने आरंभी तसा अंदाज केला. नुसते ‘पायथन’ दिसले की इशारा देऊन ते दुसऱ्या पिढीचे मानले जाई. पुढे हा इशारा बदलून बांधणीच थांबवणारी चूक ठरवण्यात आली. संदिग्ध नाव दिसले की काम बंद. माणसाने पाहावे, ठरवावे, लिहावे. आम्हाला हा बदल फार मोलाचा वाटतो. पत्ता सापडला नाही तर स्क्रिप्ट निदान अडून बसते. चुकीच्या घरी पोचली तर ती तिथे सुखाने नांदते आणि चुकीची उत्तरे देत राहते. ‘आकाश’ला दीर्घ शब्द ठरवणारे यंत्र अडले असते तर आमच्या मित्राचे दीड पान वाचले असते. नागमोडी रेघ मारण्याची सोय यंत्राला नाही. थांबणे हीच त्याची नागमोडी रेघ.

तिसरा मुद्दा ‘कोणाचा पत्ता’ याविषयीचा. पॅकेज बांधले जाते एका यंत्रावर आणि चालते दुसऱ्यावर. बांधणीच्या वेळी काही स्क्रिप्टा तिथल्या तिथेच चालवायच्या असतात, तर काही वापरकर्त्याकडे जायच्या असतात. दोहोंना एकच नियम लावला की गोंधळ होतो. विशेषतः एका जातीच्या प्रोसेसरवर बसून दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी पॅकेज बांधताना. बांधणाऱ्याच्या यंत्रावरचा दुभाष्या वापरकर्त्याच्या यंत्रावर मुका असतो. निक्सओएस या वितरणाच्या बांधणीत म्हणूनच शेबँग सुधारणाऱ्या साधनाला ‘हे बांधणाऱ्यासाठी’ की ‘हे चालवणाऱ्यासाठी’ असे वेगळे सांगता येते. आपण लिहितो तिथे कोण वाचतो आणि छापून गेल्यावर कोण वाचतो, हा भेद मुद्रितशोधकालाही ठाऊक असतो.

निक्सओएसचा उल्लेख आलाच आहे तर २०१९ सालची एक घटना सांगितल्यावाचून राहवत नाही. या वितरणात /यूएसआर/बिन/पायथन३ असा सामाईक पत्ताच नसतो. प्रत्येक पॅकेज स्वतःच्या डिरेक्टरीत राहते आणि तिच्या नावात ३२ चिन्हांची एक खूणगाठ असते. पहिल्या ओळीत हा लांबलचक पत्ता लिहिला की दोन लाभ होतात: कोणता दुभाष्या हे निःसंदिग्ध ठरते, आणि ती खूणगाठ फाइलीत सापडल्यावरून हे पॅकेज कोणावर अवलंबून आहे हेही व्यवस्थेला आपोआप कळते. पण लिनक्सचा कर्नेल त्या काळी फाइलीचे पहिले १२८ बाइटच पाही, आणि त्यापुढचा पत्ता निमूटपणे कापून टाकी. निक्सओएसमधील काही पर्ल स्क्रिप्टांच्या पहिल्या ओळी ग्रंथालयांच्या पत्त्यांसह याहून लांब होत्या. त्या चालत होत्या त्या पर्लच्या एका जुन्या सवयीमुळे. मघाशी आम्ही दुभाष्याच्या लेखी ही ओळ ‘जवळजवळ’ नसते असे म्हटले; पर्ल हा त्याला अपवाद आहे. तो ही ओळ स्वतः पुन्हा वाचतो आणि तीतल्या सूचना पाळतो. कर्नेलने कापलेले पर्ल भरून काढत होता.

मग कर्नेलच्या एका सुधारकाला वाटले की निमूट कापणे हे बरोबर नाही. कापावे लागत असेल तर नकार द्यावा. तत्त्व म्हणून हे आम्ही वर मांडलेल्या मताशी जुळणारेच आहे. पण तो बदल स्थिर कर्नेलांतही पोचला आणि निक्सओएसच्या चालू स्क्रिप्टा बंद पडल्या. लिनस टोरवाल्ड्स यांनी तो मागे घेतला. चालते ते मोडू नये, हे कर्नेलचे जुने सूत्र. नंतर अधिक विचाराने नियम असा झाला, की दुभाष्याचा पत्ताच कापला जात असेल तर नकार द्यावा, पुढच्या सूचना कापल्या गेल्या तर पूर्वीप्रमाणे चालू द्यावे. आणि लिनक्स ५.१ पासून मर्यादाही २५६ बाइटांपर्यंत वाढली. या प्रसंगातून ‘थांबावे’ या आमच्या आग्रहाची मर्यादाही दिसते. नव्याने बांधताना थांबणे उचित आहे. वापरकर्त्याच्या हाती चालू असलेले साधन एका सकाळी थांबवणे हे निराळे. संपादकाने कठोर व्हायचे ते छापण्यापूर्वी.

राहिला प्रश्न अपवादांचा. प्रत्येक #! हा पत्ता नसतो. कधी ती पुस्तकातल्या उदाहरणासारखी केवळ दाखवण्यापुरती असते, कधी चाचणीसाठी मुद्दाम तशीच ठेवलेली असते, कधी दुसऱ्याच यंत्रावर पाठवायच्या स्क्रिप्टचा नमुना असतो. अवतरणातला मजकूर ‘सुधारणे’ हा संपादनाचा अपराधच होय. फेडोराचे साधन चालवण्याची परवानगी असलेल्या फाइलींनाच हात लावते आणि वगळायच्या फाइलींची यादीही देऊ देते. ती यादी कारणासह लिहावी, एवढेच आमचे म्हणणे.

तेव्हा कामाची वाटणी आम्हाला अशी दिसते. लेखकाने एन्व्ह खुशाल लिहावे, पण दुभाष्याचे नाव नेमके द्यावे. ‘पायथन’ नव्हे, ‘पायथन३’. पॅकेज बांधणाऱ्याने वापरकर्त्याकडे जाणाऱ्या फाइलींपुरता तो पत्ता आपल्या व्यवस्थेतल्या खऱ्या पत्त्याने बदलावा, शंका आली तर थांबावे, नोंद वाचावी, अपवाद लिहून ठेवावेत, आणि कोऱ्या यंत्रावर बांधलेले पॅकेज एकदा तरी चालवून पाहावे. शक्य तिथे लेखकालाही कळवावे. पुढच्या आवृत्तीत मूळच सुधारले तर मधल्या माणसाचे काम तेवढे हलके होते.

आमच्या शब्दसूचीचे पुढे काय झाले, हेही सांगून टाकतो. पहिल्या ओळीत एक ३ वाढवला, दोन्ही यंत्रांवर पुन्हा मोजणी केली, आणि याद्या जुळल्या. शैलीविषयीचे दीड पान मित्राने स्वतःच रद्द केले. सूचीच्या प्रास्ताविकात मात्र आम्ही एक वाक्य मुद्दाम घातले: लांबी युनिकोड चिन्हांत मोजली आहे, अक्षरांत नव्हे, आणि ती पायथनच्या तिसऱ्या पिढीने मोजली आहे. भाषाविषयक निष्कर्ष आता अधिकाधिक अशा मोजण्यांवर उभे राहू लागले आहेत. प्रबंधात आवृत्ती, प्रकाशक, पृष्ठांक यांची नोंद करायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. मोजणारा दुभाष्या कोण होता हेही आता त्यांना विचारायला हवे.